पंधरा तिथींची पेटी

माझ्या माजी सासऱ्यांइतका वेळेचा पक्का माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडणार नाही, आणि त्यांच्याकडे घड्याळ नाही. लग्नात आलेलं एक होतं, ते जाळं टाकताना खाडीत पडलं, त्यानंतर त्यांनी पुन्हा घेतलं नाही. करावे गावात त्यांचा सगळा जन्म गेला. भरती-ओहोटी बघून उठले, बसले, जेवले. तुम्ही तिथी सांगा, पाणी कधी चढणार ते बोटांच्या पेरांवर मोजून सांगतात, आणि त्यात फरक पडला तर चूक घड्याळाची असते. मी त्यांना मामा म्हणते. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात, आणि घटस्फोटाच्या कागदांत मामांविषयी एक अक्षर नव्हतं, त्यामुळे नवरा गेला पण मामा राहिले. तेही मला अजून सूनबायच म्हणतात.

आमची जुई नऊ वर्षांची. शाळेचे दिवस माझ्याकडे खारघरला, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या करावेला, बाप आणि आजोबांकडे. तिला एडीएचडी आहे. लक्ष एका जागी ठरत नाही आणि अंगही ठरत नाही. पोळीचा एक घास ताटापाशी खाल्ला तर दुसरा खिडकीच्या ग्रिलवर. डॉक्टरांनी गोळी दिली आहे. रोज सकाळी, एकच, न चुकता. माझ्या माहेरचे म्हणाले, कसली गोळी, दोन फटके द्या. डॉक्टरांकडे सोबत आले ते एकटे मामा. बाकावर मांडी घालून बसले आणि थेट विचारलं, "ह्या गोलीनं पोर मुकी नाय ना व्हनार? मना ती बडबडीच हवी." डॉक्टर हसून नाही म्हणाले, पण गोळीने भूक मरते, म्हणून आधी पोटभर खायला घाला. झालं. मामांनी हे वाक्य असं काही धरलं की विचारू नका. तेव्हापासून करावेला सकाळी सातला जुईपुढे तांदळाची भाकरी आणि खाडीतली तळलेली बोय मासळी येते. मी एकदा दूध-बिस्किटावर गोळी दिली, हे तिने फोनवर बोलून टाकलं. तासाभरात मामा स्टीलचा डबा घेऊन आमच्या सोसायटीच्या गेटवर हजर, आणि वॉचमनने नाव विचारलं तर त्याला म्हणाले, "नाव लिवत बसू नको, मासा थंड व्हतो."

पण गोळी एक आणि घरं दोन, घोळ इथेच होता. एका सुट्टीच्या सोमवारी करावेला मामांनी सकाळी गोळी दिली, नऊ वाजता बापाने जुईला माझ्या दारात सोडलं, काही न सांगता निघून गेला, आणि मी दुसरी दिली. दुपारपर्यंत पोरगी सोफ्यावर मुठी आवळून बसली. छाती धडधडत होती, घास घेईना, आणि एकदाही बडबडली नाही. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत समोर बसवून ठेवलं आणि मग धोका नाही म्हणाले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मामांना घेऊन दवाखान्यात धावत आलेल्या जुईच्या बापाला मी तिथेच सांगितलं, आणखी एक चूक, आणि पोरगी करावेला मुक्कामाला येणार नाही; रविवारी दोन तास येऊन भेटा. त्याच्या मागे मामा उभे होते, त्यांनी मान वर केली नाही.

मी फोनवर तक्ता बनवला, गोळी दिली की खूण करायची. जुईच्या बापाने दोन दिवस केली. तिसऱ्या दिवशी मामा स्वतःची गळ ठेवायची पेटी घासूनपुसून घेऊन आले. पंधरा खण, आणि प्रत्येक खणावर जुईच्या वाकड्या अक्षरात एकेक तिथी, प्रतिपदेपासून शेवटपर्यंत. "ही पोरीसंगं फिरल. पेटी जितं, गोली तितं. खन रिकामा म्हंजे दिली." मी म्हटलं, मामा, निदान वार तरी लिहा. तर म्हणे, "वार सातच. आठव्या दिशी परत तोच. त्यात चुकलेली गोली कशी सापडनार?" आयटी कंपनीत काम करणारी मी रोज सकाळी चहाआधी पंचांग बघायला लागले. खोटं कशाला बोलू, कित्येक महिने एक गोळी इकडची तिकडे झाली नाही.

मग दिवाळीची सुट्टी आली. पाडव्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत जुई करावेला. एरवी मी पंचांग बघत दोन-तीन दिवसांच्याच गोळ्या भरायचे; या वेळी पंधरवडा म्हणून पंधरा गोळ्या मोजून एकदम पंधरा खणांत भरल्या. पौर्णिमेच्या संध्याकाळी पोरगी परत आली, मी पेटी उघडली, आणि षष्ठीच्या खणात गोळी तशीच. मी तिथल्या तिथे फोन लावला. जुईचा बाप म्हणाला, "मी नाय, बाबा देतात," आणि फोन मामांकडे दिला. मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. मामा सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "दिली आसंल असं वाटतं गो सूनबाय. पन आताशा माज्या वाटन्याचा भरोसा नाय. पोर तुज्याकडंच ऱ्हाऊंदे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आले. गोणीत जुईच्या चपला, तिची उशी, रंगाचे खडू, तिच्यासाठी विणलेलं छोटं जाळं. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर गोणी ठेवून उभे राहिले. जुई सोफ्यावर उलटी लटकली होती, डोकं खाली, पाय भिंतीवर. तिने तसंच उलट्यानेच पेटीकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, षष्ठी झालीच नव्हती. पंचमीनंतर डायरेक्ट सप्तमी. क्षय होता. आजोबांनीच सांगितलेलं."

मी फोनवर तारखा मोजल्या. एकदा मोजल्या, मग परत मोजल्या. पाडवा ते पौर्णिमा, दिवस चौदा. चौदा दिवस, चौदा गोळ्या. पंधरवडा म्हणजे पंधरा दिवसच, असं धरून पंधरावी मीच भरली होती. ज्या पोरीला सातचा पाढा सरळ म्हणता येत नाही, तिने माझा हिशेब उलटं लटकून सोडवला. मी म्हटलं, "मामा, चूक माझी. माफ करा, आणि आत या." मामांच्या तोंडावर काय आनंद पसरला म्हणून सांगू. "बगितलंस? म्हनं पोरीचं लक्ष नसतं," असं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणाले. मी गोणी आत ओढली, चहा टाकला, आणि मग ओट्यापाशी उभी असताना लक्षात आलं. षष्ठीचा क्षय त्यांनीच तिला शिकवला होता, आणि तेच विसरले होते.

जुई अजून करावेला मुक्कामाला जाते. गोळी देताना तिचा बाप समोर उभा राहतो, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे, आणि तो पाळतो. मामांनी आपण होऊन आणखी एक नेम धरला आहे. शनिवारी-रविवारी गोळी देण्याआधी ते मला फोन करतात आणि दोनच शब्द बोलतात, "देतो गो." मी म्हणते, "द्या, मामा." फोन बंद.

गेल्या मंगळवारी सकाळी फोन वाजला. "देतो गो."

पेटी माझ्या ओट्यावर होती. समोर जुई शाळेच्या कपड्यांत पोहे चिवडत बसली होती. मी त्या दिवसाच्या तिथीचा खण उघडला. मग म्हटलं, "द्या, मामा," आणि गोळी तिच्या हातावर ठेवली.