दोन्ही खांद्यांचं माप

रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी आत्या कापायच्या टेबलावरून उघडा तळवा फिरवायची. डोळे मिटून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश. आदल्या दिवशीची एखादी टाचणी राहिलीच असेल तर ती हाताला लागावी, गिऱ्हाइकाच्या कापडाला नको. टोचली की “सापडलीस का,” म्हणायची, तीच टाचणी ओठांत धरायची आणि कामाला लागायची. मग दिवसभर तिचं बोलणं टाचण्यांच्या फटीतून. गल्लीत तिला मागून टाचणीबाई म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. “नावं ठेवणाऱ्यांचे कपडे मी घट्ट शिवते,” ती म्हणायची. शिवायची मात्र नेमकेच.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक टेबल, माणूसभर उंचीचा आरसा, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. तिच्या भावाची मुलगी शाळा सुटली की इथेच चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून अभ्यास करायची. आत्याला मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी हळहळलं तर ती भाचीकडे बोट दाखवून म्हणे, “ही काय कमी डोकं खाते?”

तेराव्या वर्षी भाचीची पाठ एका बाजूला वळू लागली. डॉक्टरांनी कडक पट्टा दिला. चार वर्षं तिने तो घातला. वळण वाढायचं थांबलं, पण होतं ते गेलं नाही. उजवा खांदा डाव्याहून वर राहिला तो राहिलाच. दुखत काहीच नव्हतं. पण तेव्हापासून चारचौघांत तिच्या अंगावरून जाकीट उतरलं नाही. थंडी असो की रणरणतं ऊन, ते आहेच. मागच्या उन्हाळ्यात बसच्या रांगेत ती चक्कर येऊन पडली. कोणी तरी वारा घालण्यासाठी जाकिटाची चेन उघडली. शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं नाही, आधी चेन वर ओढली.

आणि आता तिला बालवाडीत नोकरी लागली होती. उन्हाळी वर्ग, डोक्यावर पत्रे, पस्तीस मुलं आणि एक पंखा.

“ताई, आता तुम्हीच बघा,” भाचीची आई तिला घेऊन आली आणि म्हणाली. “माझं ऐकत नाही. उद्या वर्गात पडली तर पोरं सांभाळायची की हिला?”

आत्याने टाचण्या ओठांतून काढल्या, म्हणजे मामला गंभीर होता. “सोमवारी हजर व्हायचंय ना? आठ दिवस आहेत. चल गं, कापड बघू.”

कापडाच्या दुकानात भाची थेट गडद रंगांच्या फळीपाशी गेली. कापडवाल्याने करडं काढलं, तपकिरी काढलं. तिने दोन्हींना मान डोलावली. मधेच तिचा हात शेजारच्या ठाणावर गेला. पांढऱ्यावर पिवळी चौकडी, मऊ सुती कापड. क्षणभरच गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

“ते पिवळं खाली घ्या,” आत्या म्हणाली.

“अगं आत्या, मी नुसतं...”

“तुझ्या हाताने निवडलंय. तोंडाला कोण विचारतंय?”

कापडवाला हसला. “बाई, पोरीला बोलू तरी द्या.”

“लहानपणापासून बोलतेच आहे. तुम्ही तीन मीटर कापा.”

घरी येऊन डिझाइनचं पुस्तक उघडलं. भाचीने बंद गळ्याचा, कॉलरचा, मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस दाखवला.

“हा घालून कुठे निघालीस? बर्फात?”

घासाघीस झाली. बाह्या कोपरापर्यंत आल्या, कॉलर राहिली. आत्याने माप घेतलं, कापड मधोमध दुमडलं, वर खडूने रेघा ओढल्या आणि दोन्ही पदर एकदम कापले. असंच कापतात. एका बाजूचं माप घ्यायचं, दुमडून कापायचं, दुसरी बाजू आपोआप तयार होते. तीस वर्षं तिची कात्री अशीच चालली होती, आणि इथेच घात झाला.

बुधवारी भाची ड्रेस घालून पडद्याबाहेर आली. साध्या कापडात कदाचित खपूनही गेलं असतं. चौकडी मात्र चहाडखोर. छातीवरची प्रत्येक पिवळी रेघ उजवीकडून डावीकडे उतरत होती. खालची कड एका गुडघ्यावर, दुसऱ्या गुडघ्याखाली. जे जाकिटाखाली सहा-सात वर्षं झाकलं होतं, ते पट्टी लावून आखून दाखवल्यासारखं आरशात उभं होतं.

भाचीने खालची कड एकदा ओढून पाहिली. मग अगदी शहाण्या आवाजात म्हणाली, “छान झालाय. वरून जाकीट घालेन.”

आत्या स्टुलावर बसली. “काढ तो. चूक झाली माझी.”

“तुझी कशी? पाठीची आहे.”

“पाठीने माप घेतलं होतं का? मी घेतलं. आणि एकाच बाजूचं घेतलं. माणूस समोर उभं असून कापड दुमडलं मी.”

“पॅड घाल मग डाव्या खांद्यात. दोन्ही सारखे दिसतील.”

“उन्हाळ्यात खांद्यावर गादी? घामोळं येईल. सरळ उभी राहा. नाही, तशी नको. तू नेहमी उभी राहतेस तशी.”

मग तिने पहिल्यांदा दोन मापं घेतली. उजव्या खांद्यापासून कंबर, डाव्या खांद्यापासून कंबर. उजवी काख, डावी काख. कंबरेपासून जमीन, दोन्ही बाजूंनी. वहीत दोन रकाने पाडले. सव्वा इंचाचा फरक तिने ज्या आवाजात उच्चारला, त्याच आवाजात ती इतर गिऱ्हाइकांचे गळे नि घेर उच्चारायची. इतक्या वर्षांत त्या खांद्याबद्दल कोणी इतकं साधं बोललं नव्हतं.

कापड पुन्हा आणायला गेल्या तर ठाणात जेमतेम दोन मीटर उरलेलं.

“दोन मीटरमध्ये कॉलर बसत नाही,” आत्या म्हणाली. “बाह्याही नाहीत. बिनबाह्यांचाच होईल. नाही तर तपकिरी भरपूर आहे. बोल.”

या वेळी तिने खरंच विचारलं, आणि वाट पाहिली. कापडवाला उगाच ठाणं सारखी करत राहिला. भाची पिवळ्या तुकड्याचं टोक बोटांत धरून उभी होती. नखाने एक चौकोन खरवडत होती.

“हेच घेऊ,” ती शेवटी म्हणाली.

आत्याने कापड टेबलावर पूर्ण उलगडलं. घडी नाही. आधी उजवी बाजू कापली, मग डावी. दुप्पट वेळ गेला. कात्री दोनदा सवयीने थबकली, जणू दुसरा पदर शोधत होती. शुक्रवारी भाची पडद्याबाहेर आली तेव्हा खांदे होते तिथेच होते, एक वर, एक खाली. रेघा मात्र आडव्या होत्या, शांत पाण्यासारख्या. दंडांना वारा लागत होता.

“आत्या, तुझे कसे आभार...”

“मी काय सभेला आलेय? गिरकी घे. घेर बघू दे.”

सोमवारी ती जाकीट न घालता घरातून निघाली. बसस्टॉपपर्यंत हात दोनदा चेन शोधायला गळ्याशी गेला. वर्गात दुसऱ्या तासाला एका मुलाने तिच्याकडे टक लावून पाहिलं. “टीचर, तुमचा एक खांदा वर आहे.”

“हो,” ती म्हणाली.

“मला शूला जायचंय.”

तेवढंच झालं. शेवटी एक मुलगी तिच्या मांडीवर बसून ड्रेसवरचे चौकोन मोजू लागली. तिला वीसच्या पुढे येत नव्हतं, म्हणून पुन्हा एकपासून.

त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात आत्याने तिला एक ड्रेस शिवला. कापड भाचीने निवडायचं, डिझाइनवरून दोघींनी भांडायचं. पुढे दुकानात कोणी एक पाय आखूड असलेलं आलं, कोणी पडून हात वाकडा जुळलेलं आलं, की आत्या न सांगता वहीत दोन रकाने पाडायची. भाचीने आभाराचं पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. ती रविवारी येऊन आत्याच्या सुयांत दोरे ओवून ठेवायची, कारण आत्याला आता बारीक दिसत नव्हतं.

नवव्या उन्हाळ्याच्या तोंडावर आत्या अंथरुणाला खिळली. भाची निळं कापड घेऊन आली, दुधी रंगाच्या पानांची नक्षी असलेलं, आणि तिच्या हातात दिलं. या भेटीनंतर चार दिवसांनी आत्या गेली. त्या दुपारी मात्र तिने कापडाचा काठ दोन बोटांत धरून चोळला आणि नाक मुरडलं.

“आटणारं आहे हे. आधी भिजवून घे, सावलीत वाळव, मग आण. आणि गळ्याचं माझं ऐक जरा, या वेळी चौकोनी करू.”