कावळा शिवेपर्यंत

आमच्या भागात आमदार लग्नाला आला नाही तर लोक चालवून घेतात. दहाव्याला आला नाही तर पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. म्हणून साहेबांचा दौरा लावताना मी सकाळची वेळ दुसऱ्या कुठल्याच कामाला देत नसे. कोण वारलं, दहावा कुठल्या घाटावर, प्रवचन किती लांबणार, साहेबांच्या आधी श्रद्धांजलीला कोण बोलणार, गाडी कुठून वळवायची, एवढं आदल्या संध्याकाळी कागदावर उतरलं की माझा जीव शांत व्हायचा.

साहेब म्हणजे मूळचे आमच्या चर्चचे पाळकसाहेब. मी नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम करत होते आणि रविवारी मंडळीची सेक्रेटरी होते. उपासनेच्या वेळा, आजाऱ्यांच्या भेटी, कबरस्तानाची साफसफाई, सगळं माझ्याकडे. कोरोनात माझे वडील गेले तेव्हा कबरीत उतरायला कुणी तयार होईना. पाळकसाहेब अंगावर तो प्लास्टिकचा झगा चढवून स्वतः उतरले आणि वडिलांना खाली घेतलं. आई फाटकापाशी उभी होती. ते वर आल्यावर ती लांबूनच म्हणाली, "साहेब, माझ्या वेळंला तुमीच."

"मीच, आई," ते म्हणाले.

त्या दिवसांत ज्यांच्या घरचेही पुढे यायला घाबरत होते, अशा कितीतरी माणसांना त्यांनी उचललं. हिंदू घरातला असेल तर सरणावर ठेवून बाजूला उभे राहायचे. प्रार्थना करत असतील ती मनात. पुढे लोकांच्या आग्रहावरून ते अपक्ष उभे राहिले. तिसगावकडच्या वस्त्यांवर सभा घ्यायची फारशी गरजच पडली नाही. "ह्येनी आमचा बाप उचलला," एवढंच लोक म्हणायचे, आणि त्यावर ते निवडून आले. चर्चने त्यांना पाळकपदाच्या कामातून रजा दिली. दीक्षा मात्र जात नाही, त्यामुळे प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला पाव आणि द्राक्षरस, द्यायचा अधिकार राहिला. मी कारखाना सोडून त्यांचं ऑफिस सांभाळू लागले.

सुरुवातीला एका वाडीवर ते पिंडाला कावळा शिवायच्या आधीच उठले, कारण पुढे मीटिंग होती. दुपारपर्यंत तालुकाभर झालं की ख्रिश्चन आमदार पिंडाला पाठ दाखवून गेला. तेव्हा मी नियम करून टाकला, कावळा शिवेपर्यंत उठायचं नाही. नियम चांगला चालला. पाळक असताना ते मरणाऱ्याच्या उशाशी असायचे, आता मेलेल्याच्या दहाव्या दिवशी असायचे. हे माझ्या ध्यानात यायला आईने अंथरूण धरावं लागलं.

डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही. औषधांच्या वेळा, कूस बदलायच्या वेळा, कोण कधी बसणार, सगळं मी भिंतीवर लावलं. आईला त्यातलं काहीच नको होतं. तिला प्रभुभोजन हवं होतं, आणि तेही साहेबांच्या हातचं. आमच्या मंडळीत नवीन आलेले पाळक प्रभुभोजनाची पेटी घेऊन दोनदा येऊन गेले. चांगला माणूस. आईने त्यांचा हात हातात घेतला आणि मान हलवली. "तुमचा राग न्हाई, साहेब. पर तसं ठरलंय आमचं."

साहेब अधिवेशनासाठी मुंबईत होते. मी रोज फोन करायचे. ते म्हणायचे, "शनिवारी येतोच, ताई. शुक्रवारी मतदान आहे, हलता येत नाही." शनिवार सकाळी तिसगावच्या पुढच्या एका गावात दहावा होता. तो मीच आधी घेतलेला होता. मी हिशेब केला. कावळा नऊपर्यंत शिवतो, करंजी घाट उतरून नगरला यायला दीड तास, म्हणजे साडेदहाला आमच्या दारात. शुक्रवारी संध्याकाळी मी आईला सांगितलं, "उद्या सकाळी येतायत."

हे सांगायला नको होतं असं नाही. पण ती काय करेल ते माझ्या हिशेबात नव्हतं. प्रभुभोजनाच्या रविवारी आई उपासना होईपर्यंत तोंडात पाणी घालत नसे. लग्न होऊन आल्यापासूनची ती सवय. शनिवारी पहाटे मी चमचा पुढे केला तर तिने ओठ मिटून घेतले.

"आई, ओठ सुकलेत. नुसतं ओलं कर."

"साहेब येऊ दे."

नऊ वाजले तेव्हा मी ड्रायव्हरला फोन लावला. तो पाथर्डीकडचाच, बोलायला मोकळा.

"कावळा शिवला का?"

"न्हाई ताई. बाभळीवर बसल्यात चार-पाच. बघत्यात नुस्ते."

"पानात सगळं ठेवलंय ना?"

"समदं ठिवलं. शेव ठिवली, भजी ठिवली, तंबाखूची पुडीबी ठिवली. न्हाई येत."

"मग?"

"म्हाताऱ्याची इच्छा ऱ्हायलीय म्हनत्यात. वस्तीच्या वाटंवर वढा हाय. पावसात पानी आलं का दवाखान्यात जाता येत न्हाई. त्यो पूल मागत मागत गेला. भावकी म्हनती, आमदारानं पिंडापुढं हात जोडून सबूद द्यावा, मंग शिवंल."

"मग देऊन टाका म्हणावं!"

"साहेब म्हनले, परयत्न करतो. तवा एक म्हातारा वरडला, 'परयत्न म्हंजी काय त्ये कावळ्यालाबी कळतंय!' लई हसले लोक."

मला त्यातलं काही हसण्यासारखं वाटलं नाही. आत आई विचारत होती, "आले का?" बाहेर कंपनीच्या गाड्या जात होत्या आणि प्रत्येक आवाजाला तिचे डोळे दाराकडे वळत होते.

साडेदहा झाले. मी पुन्हा फोन केला. कावळे बाभळीवरून उठून पत्र्यावर जाऊन बसले होते. ख्रिस्ती घरात वाढलेली, चर्चची सेक्रेटरी असलेली मी, माजघरात उभी राहून एका पिंडाला कावळा शिवावा म्हणून देवाचा धावा करत होते. कुठल्या शब्दांत केला ते आठवत नाही. नंतर मी ड्रायव्हरला म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववा म्हणावं. करतात की लोक."

"ताई, ह्ये आमदाराच्या तोंडून निघालं तर पुढल्या वेळंला डिपॉझिट जाईल. त्यात ख्रिश्चन आमदार. तुमीच तर नेम केला हाय, उठायचं न्हाई म्हनून."

"साहेबांना फोन द्या."

साहेब फोनवर आले. मागे टाळांचा आवाज येत होता.

"साहेब, आई सकाळपासून पाणी घेत नाही. तुम्ही येणार म्हणून."

त्यांना बोलू न देता मी पुढे म्हणाले,

"द्या ना शब्द त्यांना. पुलाचा. पुढचं मी बघते."

"ताई, तो पूल माझ्या निधीत बसत नाही. मला माहीत आहे. खोटा शब्द कसा देऊ?"

"मग उठून या."

"उठलो तर हे लोक..." ते थांबले. "थांबा जरा."

फोन चालूच राहिला. पुढचं मी कानाने ऐकलं, काही नंतर ड्रायव्हरने सांगितलं. साहेब पिंडापुढे गेले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, की नगरला एक म्हातारी माझी वाट बघत मरतेय. तिला दिलेला शब्द मी इथं बसून मोडतोय. अशा माणसाचा पुलाचा शब्द घेऊन तुम्ही काय करणार? मग एका बाईचा आवाज आला. ती गेलेल्या म्हाताऱ्याची बायको होती. "जाऊ द्या त्यास्नी. आमचं मानूस गेलंय, तिचं जायचंय आजून. दर्भाचा करा कावळा."

तिच्या दिराने काहीतरी विरोध केला. ती म्हणाली, "माझा नवरा हाय. मला ठावं हाय त्यो कशानं रुसतो त्ये."

साहेब बारा वाजून गेल्यावर पोहोचले. कपाळावर गंध तसाच होता. फाटकातच दोघं जण अर्ज घेऊन उभे होते. त्यांच्याकडे न बघता ते आत आले, मोरीत हात आणि तोंड धुतलं, पेटी उघडली. आईचे डोळे अर्धे उघडे होते. मी तिच्या कानाशी म्हणाले, "आले गं." तिच्या बोटांनी माझं बोट दाबलं, की मला तसं वाटलं, ते आजही सांगता येत नाही.

प्रभुभोजनाआधी विचारायचं ते त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही. पाव मोडला, अगदी नखाएवढा, द्राक्षरसात बुडवला आणि तिच्या जिभेवर ठेवला. घसा हलला नाही. आम्ही दोघंही तिच्या घशाकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद म्हटला. आवाज सभेतला नव्हता, जुना होता.

"साहेब, हे झालं असं धरायचं का?" मी विचारलं. मला होय किंवा नाही हवं होतं.

"मला माहीत नाही, ताई," ते म्हणाले. "मी उशिरा आलो, एवढं माहीत आहे."

तासाभरात श्वास थांबला. साहेब उठून बाहेर गेले. खिडकीतून ऐकू आलं, "आमच्या आई गेल्या. उद्या या." त्यावर फाटकातला माणूस, "साहेब, एकच मिनिट," आणि मग त्याचं बोलणं, रेशनकार्डाचं, आणि साहेबांचं "हं, हं."

शेजारच्या दोघी आंघोळीचं पाणी घेऊन आल्या. एकीने ओला कपडा पिळला आणि आईची हनुवटी धरली. "तोंडात काहीतरी राहिलंय बघ. पुसून घेऊ का?"

"नको," मी म्हणाले. "ते राहू दे."