घरच्या पाण्याच्या दोन बाटल्या

मला स्वस्थ बसता येत नाही. आमची ही म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी आहे." मुलगी समुद्रावर गेली की मग विचारूच नका. वारज्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात माणूस फेऱ्या मारून मारून किती मारणार? तरी मारतो.

मुलगी कयाक चालवते. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी. पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारायचं. आधी खडकवासल्याच्या पाण्यात शिकली. तेव्हा मी काठावर उभा राहून सूचना करायचो, आणि ती ऐकू येत नसल्याचं सोंग करायची. मग म्हणाली, आता कोकणात, समुद्रात. मी म्हटलं, "पुण्याच्या माणसाचं समुद्रात काय अडलंय?" गेलीच. पुढे तर नवख्या लोकांना घेऊन जायला लागली. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलं, त्यात समुद्रावरच्या प्रथमोपचारांचा अख्खा एक दिवस होता. त्याचं सर्टिफिकेट तिने मोठ्या हौसेने मला दाखवलं. मी म्हटलं, "वा! म्हणजे आता प्रथमोपचार तू मला शिकवणार."

कारण तो माझा प्रांत. कारखान्यातल्या प्रथमोपचार पेटीची चावी बावीस वर्षं माझ्या खिशात होती. हात कापू दे, भाजू दे, कुत्रा चावू दे, माझा पहिला हुकूम एकच: आधी स्वच्छ पाण्याने धू, भरपूर धू. पोरीचे लहानपणचे सगळे फुटलेले गुडघे मी नळाखाली धरलेत. आणि स्वच्छ पाणी म्हणजे पुण्याचं. कसबा पेठेत राहत होतो तेव्हापासून आमच्या घरची रीतच आहे, गाव सोडायचं तर घरच्या पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत हव्यात. परगावचं पाणी बाधतं म्हणून. मुलगी कटकट करायची, पण न्यायची.

त्या रविवारी जेवून हात धुतोय तोवर तिचा फोन. वाऱ्याचा आवाज, त्यात तिचा तुटक तुटक.

"बाबा, आई आहे का?"

"आई आवरतेय. मला सांग."

बरोबरची एक नवखी मुलगी होडीसकट उलटली होती. तिला पाण्यातून वर घेताना आमच्या मुलीच्या हाताला जेलीफिशचा विळखा बसला. कशाबशा दोघी एका निर्मनुष्य किनाऱ्याला लागल्या होत्या. "हाताची आग आग होतेय, बाबा. धागे अजून चिकटलेत."

"घरचं पाणी आहे ना बाटलीत? ओत. चांगलं चोळून धू."

"अहो पण बाबा, ते गोडं पाणी—"

"पण नाही नि बिण नाही! बावीस वर्षं काय मी गवत उपटत होतो? आधी धू, मग बोल."

आणि मी फोन ठेवून दिला. रेंज गेली वगैरे काही नाही, मीच ठेवला.

ही पदराला हात पुसत बाहेर आली. सगळं सांगितलं. म्हटलं, काळजी नको, सांगितलंय तिला काय करायचं ते. ही एवढंच म्हणाली, "पण ती काहीतरी म्हणत होती ना?"

झालं! डोक्यात भुंगा शिरला. गोडं पाणी... काय? गोडं पाणी संपलंय? गोडं पाणी कमी आहे? फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. गॅलरीत जाऊन लावला, जिन्यात जाऊन लावला. तीच बाई, तेच वाक्य.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक घड्याळवाले राहतात. तीन पिढ्यांचं दुकान, पक्के पुणेकर, पण आजोळ कोकणातलं, अगदी किनाऱ्यावरचं. दुपारी दोन वाजता मी त्यांची बेल दाबली. एरवी मी कुणाला असं करू दिलं नसतं. ते टोपी सारखी करत दारात आले, माझं तोंड बघितलं आणि दार पूर्ण उघडलं. मी भडाभडा सांगून टाकलं.

"या अल्ला! गोडं पाणी? अहो, गोडं नाही हो साहेब! समुद्राचंच खारं पाणी ओतायचं. गोड्या पाण्याने त्या धाग्यांतलं राहिलेलं विषही सुटतं. आणि चोळायचं तर मुळीच नाही. धागे चिमट्याने उचलायचे, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा."

"जिवाला काही...?"

"एखाद्याला श्वासाचा त्रास होतो. लक्ष ठेवावं लागतं."

तिला लहानपणी धूळ गेली तरी धाप लागायची, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

ते माझ्याबरोबर आमच्या घरी आले. म्हणाले, मेसेज टाकून ठेवा, रेंज आली की पोचेल. मला अक्षरं जुळेनात, म्हणून फोन त्यांनी घेतला. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले: 'गोडं पाणी लावू नकोस. चोळू नकोस. खारं पाणी ओत. माझं चुकलं.' शेवटचे दोन शब्द लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिनेही पाहिलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तिने हे शब्द माझ्या तोंडून ऐकले नव्हते.

एकच टिक. चार वाजता एकच. साडेचारला एकच. "बसा हो जरा," घड्याळवाले म्हणत होते. कसला बसतोय! मी स्वयंपाकघरात जायचो, नळ सोडायचो, बंद करायचो, परत यायचो. ही माझ्याकडे पाठ करून देवाजवळ बसली होती.

पाचनंतर त्या नवख्या मुलीचा फोन आला. हात धुतल्यावर आमच्या मुलीची आग खांद्यापर्यंत चढली, तिला श्वास लागला. त्या नवखीनेच शिट्टी फुंकून फुंकून एका मच्छीमाराची होडी बोलावली. आता दवाखान्यात होत्या, इंजेक्शन दिलं होतं, श्वास बरा होता. ही रडायला लागली. मी घड्याळवाल्यांचा हात धरला तो किती वेळ सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी घरी आली. मनगटापासून कोपरापर्यंत चाबकाचे असावेत तसे लालभडक वळ.

"माझा मेसेज मिळाला का?" मी विचारलं.

"मिळाला. जपून ठेवलाय. पुन्हा कधी यायचा!"

हसलो आम्ही. पण माझी खोड जाते कुठे? म्हटलं, "काय गं, एवढं प्रशिक्षण घेतलंस, गोडं पाणी लावायचं नाही हे तुला कुणी शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं की. मीच शिकवते सगळ्यांना. सकाळी निघताना त्या मुलीलाही सांगितलं होतं. मी बाटली उघडली तर ती माझा हात धरून म्हणत होती, ताई, नको, तूच सांगितलंस ना."

"मग?"

ती वळांवर मलम लावत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना, बाबा."

मी खुर्चीत बसलो. हिने चहा आणून ठेवला, तो निवला, तरी मी उठलो नाही.