पदराआडची बाई

तिला पदर मागे घ्यायला मीच सांगितलं. गारखेड्यातल्या त्या चकचकीत हॉटेलात, दाराशी मांडलेल्या चुलीवर ती भाकरी थापायची, पदर नाकापर्यंत ओढून. "मावशी, चेहरा दिसू द्या," म्हणत मी व्हिडिओ काढला आणि तिला न विचारता मोबाइलवरून सगळ्यांना पाठवला.

पुढच्या खेपेला ती मागच्या मोरीत भांडी घासताना दिसली. "चूल सोडली?" मी विचारलं.

"कन्नडला सासरी सांगितलं व्हतं, लेकीकडं राहते म्हणून. तुमचा व्हिडिओ फिरत फिरत दिराच्या मोबाइलवर गेला. हाटेलात राबून घराण्याची अब्रू घालवली म्हणं. पुतणीच्या लग्नाला येऊ नको म्हणला." हात न थांबवता तिनं विचारलं, "भाकर तरी गोड लागली का, साहेब?"

मी हात जोडले. "मावशी, तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलो मी. माफ करा."