बायकांचं नाटक कुणी कापलं?

लाटंबार्शाच्या सुलोचना गावसला अर्धा गाव ‘सेनापती’ म्हणायचा. नव्या सुनांना वाटे, बाई तोंडाने फटकळ म्हणून हे नाव पडले असेल. फटकळ ती होतीच, पण नाव पडले ते नाटकामुळे.

गोवा राज्य झाले त्या सुमाराची गोष्ट. भाषेच्या वादावरून गावात दोन तट पडले होते. कोकणीवाले आणि मराठीवाले चहाच्या दुकानातसुद्धा वेगवेगळ्या बाकांवर बसत. देवळाच्या उत्सवात वर्षानुवर्षे होत आलेले नाटक त्या भांडणात बंद पडले. एक उत्सव असाच सुका गेला, दुसराही गेला. तेव्हा सुलोचनेने शेजारणींना गोळा केले.

“दादल्यांना भांडूंदे. नाटक आपण करूया.”

पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करणार हे ऐकून गाव हसला. बायकांनी ते मनावर घेतले नाही. दिवसभर काजू वेचून आल्यावर, हातांना बोंडांचा वास येत असतानाच सुलोचनेच्या पडवीत तालमी चालायच्या. ती स्वतः सेनापती झाली, शेजारची तारा राणी झाली आणि गोकुळदास मास्तरांची बायको पद्मावती कपटी दिवाण. मिशी लावून, हातात दारूचा पेला घेऊन पद्मावती अशी काही हसली की मंडपातली पोरे आयांच्या कुशीत शिरली. दोन्ही तटांचे लोक मांडीला मांडी लावून शेवटपर्यंत बसले. बहारीनहून रजेवर आलेला सुलोचनेचा भाऊ शिवदास याने नवा कॅमेरा खांद्यावर घेऊन ते सगळे नाटक टिपले. जाताना कॅसेटी बहिणीला देऊन गेला.

पुढे घरातला व्हीसीआर बिघडला. कॅसेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात राहिल्या. बऱ्याच वर्षांनी गोकुळदास मास्तर एका दुपारी दारात आले. आता ते देवळाच्या उत्सव समितीचे सचिव होते.

“सुलोचनाबाय, त्या कॅसेटींना बुरशी लागली तर संपलं सगळं. डिचोलीला संजनाच्या स्टुडिओत देऊया. ती संगणकावर चढवील, मग कापून-जोडून जुन्या उत्सवांची फिल्म करूया. यंदा उत्सवात दाखवू.”

“कापणार काय?”

“नको असेल तेवढंच गो.”

नको असेल म्हणजे कुणाला, हे विचारायचे तिला त्या वेळी सुचले नाही.

उत्सवात मंडपात पडदा लागला. सुलोचना नवी साडी नेसून पुढे बसली होती. पालखी आली, हातात पेटती दिवजे घेतलेल्या बायकांच्या रांगा आल्या. कुण्या पाहुण्याचे भाषण आले ते संपेचना. मग रंगमंच दिसला. राणीच्या वेषात ताराने बोलायला तोंड उघडले, आणि तिच्या शब्दांऐवजी सनई वाजू लागली. सेनापतीने तलवार उपसली न उपसली तोच पडद्यावर भाजी चिरणाऱ्या बायका आल्या. निवेदकाचा आवाज म्हणाला, “महिला भगिनींनीही वेळोवेळी मोलाचे सहकार्य केले.”

दिवाण तर आलाच नाही.

“सहकार्य?” सुलोचना मोठ्याने म्हणाली. मागून कुणीतरी “बस गो” म्हटले. ती बसली, पण कानशिले तापली होती. तारा वारून दोन पावसाळे झाले होते. तिचा आवाज त्या कॅसेटीखेरीज कुठेही नव्हता.

फिल्म संपताच तिने मास्तरांना गाठले. “आमचं नाटक कुठे गेलं?”

“एवढं मोठं नाटक आता कोण बघणार? आवाजही खराब होता.”

“पाहुण्याचा आवाज तेवढा बरा होता काय? तुम्ही भांडून नाटक बंद पाडलंत, आम्ही ते उभं केलं. आणि आम्ही भाजी चिरली म्हणून सांगता?”

मास्तरांनी आवाज खाली आणला. “हळू बोल. आमच्या संदीपचं लग्न ठरलंय. व्याही पुढच्या रांगेत होते. त्यांच्या विहिणीला मिशी लावून दारू पिताना दाखवू?”

पद्मावती बाजूलाच उभी होती. तिने मान खाली घातली. मास्तरांच्या बोलण्यापेक्षा तिचे ते गप्प राहणे सुलोचनेला जास्त झोंबले.

“माझ्या कॅसेटी द्या.”

“त्या कशाला आता? संगणकावर चढल्यावर भंगारात टाकल्या.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने सुलोचना डिचोलीला गेली. संजना स्टुडिओ उघडतच होती. सगळे ऐकून तिचाही चेहरा उतरला.

“मावशी, कॅसेट चढवताना सगळीच चढते. कापणं नंतरचं. मास्तरांनी सांगितलं तसं मी कापलं. मूळ अजून आहे माझ्याकडे, पण जागा भरली म्हणून आजच पुसणार होते.”

“पुसून तर बघ!” म्हणत सुलोचना तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

पडद्यावर नाटक सुरू झाले. तारा बोलू लागली तशी सुलोचनेने पदर तोंडाला लावला. संजनाने जरा वेळाने भीत भीत विचारले, “इथे नुसती पेटी वाजतेय, काढू?”

“नाही.”

“इथे लाईट गेलीय. काळोखच आहे.”

“काळोखही ठेव. त्या काळोखात तारा बोलत होती, ऐक.”

शेवटी सगळ्या बायकांची नावे घातली. कुणाची बायको, कुणाची आई असले काही नाही, नुसती त्यांची नावे.

हे नाटक दाखवायला समितीने मंडप दिला नाही. देवळात वाद नको, म्हणाले. मग सुलोचनेने आपल्याच अंगणात टीव्ही मांडला. बायका आल्या, ताराच्या मुली आल्या. नाटक सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात पद्मावती आली. बरोबर संदीपची होणारी सासू.

“विहीणबाईंना म्हटलं, चला, माझी मिशी बघून घ्या,” ती म्हणाली.

दिवाण हसला तेव्हा विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “अशी विहीण असल्यावर माझी पोर सुखात राहील,” त्या म्हणाल्या.

पद्मावती सुलोचनेच्या कानाशी वाकली. “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं गो.”

“हवं होतं,” सुलोचना म्हणाली, आणि चटईवर सरकून तिला जागा दिली.

समितीची फिल्म मात्र तशीच राहिली. अजून ती उत्सवात लागते. ‘मोलाचे सहकार्य’ आले की सुलोचना भर मंडपातून उठते आणि पडद्यासमोरून, सगळ्यांना दिसेल अशी, सावकाश चालत बाहेर जाते. गेल्या उत्सवात तिच्यामागून आणखी बायका उठल्या. त्यांत पद्मावती होती. मास्तर माईक हातात धरून बघत राहिले.