एक जूनवाले गुरुजी

आमच्या गावात एकाच दिवशी जन्मलेली साडेतीनशे तरी माणसं आहेत. त्यांत माझे वडील आहेत, धाकटा भाऊ आहे, माजी सरपंच आहेत, पिठाच्या गिरणीवाला आहे आणि मीही आहे. आम्हा सगळ्यांचा वाढदिवस एक जून. हा वाढदिवस आम्हाला आमच्या गुरुजींनी दिला. जिल्हा परिषदेनं त्यांची दोनदा बदली केली आणि दोन्ही वेळा गावानं त्यांना परत आणलं. माघारी सगळा तालुका त्यांना 'एक जूनवाले गुरुजी' म्हणायचा. समोर म्हणायची छाती कुणाचीच नव्हती.

उन्हाळा सरत आला की गुरुजी पांढरी टोपी चढवून, काखेत रजिस्टर मारून वस्त्यांवर फिरायचे. अणदूरच्या शिवेलगतचं आमचं गाव, निम्मी घरं शेळ्यांमागं हिंडणारी. पोर कधी जन्मलं विचारलं तर उत्तर यायचं, "काळ्या शेळीला तीन करडं झाली न्हाय का, त्याच्या आदल्या साली." गुरुजी वाद घालत बसायचे नाहीत. पोराला पुढं ओढायचे आणि उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला लावायचे. बोटं डाव्या कानाला लागली की पोर सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून तारीख एक जून, आणि साल मागं मोजून.

माझा हात कानाला पोचत नव्हता. गुरुजींनी माझी मान जराशी कलती केली आणि पोचवला. दादा, म्हणजे माझे वडील, शेजारीच उभे होते. त्यांना म्हणाले, "यंदा न्हाय घेतली तर पुढल्या साली ही शेळ्यांमागं जाईल. मग काय ती घावत न्हाय." त्या कलत्या मानेवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे, हे मी अजिबात वाढवून सांगत नाही.

गुरुजींची आणखी एक खोड होती. भेटल्यावर ते कुणाला रामराम घालत नसत. नाव घ्यायचे आणि थांबायचे. समोरच्यानं 'हजर' म्हणायचं. एसटीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. गावातला एक जण पोलिसात फौजदार झाला होता. तो जीपमधून उतरायचा, टाचा जुळवायचा आणि 'हजर, गुरुजी' म्हणायचा. जो नुसताच हसायचा त्याला गुरुजी दुसऱ्यांदा नाव घेऊन लाज आणायचे.

तर मी शाळेत गेले, मग शेळ्यांमागं न जाता शेळ्यांवर शिकले. उस्मानाबादी शेळीच्या पोटातल्या जंतांवर काम करायला मला परदेशातल्या एका विद्यापीठानं शिष्यवृत्तीसकट पीएचडीची जागा दिली. देशाचं नाव मुद्दाम सांगत नाही. उद्या पुन्हा त्यांच्याच दारात व्हिसा मागायला जायची वेळ आली तर पंचाईत नको. व्हिसाच्या अर्जात घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा विचारल्या होत्या. मी इमानेइतबारे भरल्या. दादा, एक जून. भाऊ, एक जून. मी, एक जून. आई तर सोनारीकडची, परंडा तालुक्यातली. पण तिकडंही असलेच कुणी गुरुजी होऊन गेले असणार, तिचीही एक जून. पंधरा दिवसांनी नकार आला. एकाच घरातल्या चौघांचा जन्म एकाच दिवशी झाल्याचं पटत नाही, कागदपत्रं संशयास्पद वाटतात, असा त्याचा मथितार्थ होता. विद्यापीठानं कळवलं की सहा आठवड्यांत हजर झाले नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

मला रडू येण्याआधी राग आला. सोलापूरच्या एका एजंटानं तोडगाही सांगितला. म्हणे, आई आणि भावाची तारीख आधार कार्डावर बदलून टाका, नव्यानं अर्ज करा, कुणाला कळतंय. मी नकाराचा कागद घेऊन गुरुजींच्या ओट्यावर गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. सगळ्या गावाला एकच तारीख वाटताना तुमच्या मनाला काहीच वाटलं नाही का, इथपर्यंत. ते निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांनी नकाराचं पत्र माझ्याकडून मराठीत समजून घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग म्हणाले, "चूक माझी हाय. पण म्या खोटं न्हाय लिवलं. ठाऊक न्हवतं, ते लिवलं. तारखा बदललीस तर मातुर ते खोटं व्हईल. बदलायचं न्हाय. जसं झालं तसं सांगायचं."

"ते ऐकणार आहेत का, गुरुजी?"

"कागदाला तोंड नसतं, पोरी. त्याच्या वतीनं आपल्याला बोलावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी पुन्हा नोकरीवर असल्यासारखे वागू लागले. शाळेत जाऊन बसले आणि नव्या मुख्याध्यापक बाईंकडून जुन्या रजिस्टरातल्या माझ्या, दादांच्या आणि भावाच्या वर्गांच्या पानांचे सही-शिक्क्याचे उतारे घेतले. आमच्या वर्गात एक्केचाळीस मुलं होती. त्यांतल्या अडतीस जणांच्या नावापुढं एक जून. उरलेली तिघं दवाखान्यात जन्मली होती. मग ते आमच्या घरी आईचा जबाब घ्यायला आले.

"ही खरी कवा झाली, काही आठवतं का?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आठवायला काय झालं? खंडोबा नळदुर्गाहून परत आला त्याच दिवशी झाली. म्हणून तर म्हाळसा नाव ठेवलं."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "येवढं ठाऊक हुतं तर तवाच का सांगितलं न्हाई?"

"तुमी कुठं इचारलं? तुमी थेट कानच बघितला."

त्या एका वाक्यावर गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या महिन्यात मी पहिल्यांदाच हसले.

आमचा खंडोबा वर्षातले पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो आणि बाकीचे अणदूरला. नेताना-आणताना दोन्ही गावची माणसं बसून लेखी करार करतात. त्याच तारखा ठेवून नव्यानं केलेल्या अर्जाच्या मुलाखतीला मुंबईला जाताना एसटीत गुरुजींनी मला हेच ऐकवलं. "आपला देव सुदीक कागद केल्याबिगर शीव वलांडत न्हाय. तुला इचारला कागद, तर राग कशाचा?" ते माझ्याबरोबर आले होते. गरज नव्हती, आत सोडणारही नव्हते. पण त्यांनी मराठीत लिहिलेलं पत्र आणि मी केलेलं त्याचं भाषांतर माझ्या पिशवीत होतं, आणि आपलं पत्र पेशीला असताना आपण घरी बसायचं हे त्यांना मंजूर नव्हतं.

काचेपलीकडच्या साहेबांनी पहिला प्रश्न जन्मतारखांचाच विचारला. मी उतारे आणि पत्र पुढं सरकवलं. पत्रात गुरुजींनी लिहिलं होतं: 'या घरातल्या चौघांचा जन्म एका दिवशी झालेला नाही. तो कधी झाला हे आम्हांस ठाऊक नव्हते. मुलांना शाळेत घेणे मात्र भाग होते, म्हणून आम्ही शिक्षकांनी एक तारीख लिहिली. ती तारीख मिळालेली मुले आज परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, फौजेत आहेत. तारीख अंदाजाची आहे. मुलगी खरी आहे.'

साहेबांनी अडतीस वेळा तीच तारीख असलेलं पान पुन्हा पुन्हा पाहिलं आणि शेजारच्या खिडकीतल्या इथल्याच बाईंना बोलावून विचारलं, असं खरंच असतं का? बाईंनी पान पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. त्या त्यांना इंग्रजीत आणि मला मराठीत, एकाच दमात म्हणाल्या, "माझ्या वडिलांचीसुद्धा एक जूनच!"

साहेबही हसले. मग त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला: शिकून परत येणार का? मी त्यांना खंडोबाचा करार सांगितला. देव दरवर्षी जातो आणि दरवर्षी ठरल्या दिवशी परत येतो, आणि मी त्याच देवाच्या शिवेलगतची आहे, असं म्हणाले. त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला आणि व्हिसा मंजूर झाल्याचं तिथंच सांगितलं.

गुरुजी बाहेर फूटपाथवर वर्तमानपत्र अंथरून बसले होते. मी रस्त्यातच ओरडले, "मंजूर, गुरुजी!" ते उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "म्हंजी माझं रजिस्टर परदेशात पास झालं म्हण की!" एवढ्या गर्दीत मी त्यांच्या पाया पडले, आणि त्यांच्या शेजारी बसून दोन कप चहा प्यायले. इतका गोड चहा पुन्हा कुठं मिळाला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बोलावून एक कागद पुढं केला. 'म्हाळसा शिकण्याकरिता शिवेबाहेर जात आहे. शिक्षण पुरे झाल्यावर देव अणदूरला परततो त्या दिवशी हजर होईल.' खाली माझी सही, त्यांची सही आणि 'परत आल्याची तारीख' असं लिहून सोडलेली मोकळी जागा. मी हसत सही केली. ते हसत नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात गुरुजी गेले. ग्रामपंचायतीत नोंद करताना वय विचारलं तेव्हा त्यांच्या मुलानं आधार कार्ड पुढं केलं. एक जून. गुरुजींनाही कुणा गुरुजींनी कान धरायला लावला होता तर! तिथं जमलेले आम्ही सगळे रडता रडता हसलो. पण मला ते आठवतात ते मी पीएचडी घेऊन परतले त्या दिवशीचे. देव अणदूरला पोचला होता, अख्खा रस्ता भंडाऱ्यानं पिवळा झाला होता. गुरुजी थकलेले, खुर्ची टाकून कडेला बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा डोळे बारीक करून त्यांनी बघितलं.

"म्हाळसा?"

"हजर, गुरुजी."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तो घडीचा कागद काढला, मला पेन मागितलं, आजची तारीख विचारली आणि मांडीवर कागद ठेवून, वळणदार अक्षरात, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नावापुढं खरी तारीख लिहिली.