सहा व्होल्ट आणि हसुदादा

बॉनेट उघडण्याआधी हसुदादांनी अंगावरचं सोनं उतरवलं. जाड साखळी, दोन अंगठ्या, कडं, सगळं माझ्या ओंजळीत ठेवून म्हणाले, “सांभाला सायेब. अंगठी बॅटरीला टेकली का अंगठीला काय नाय होत, बोट भाजतं.” पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाच्या हाती एवढं सोनं देणारा मिस्त्री मी पाहिला नव्हता. मी ते रुमालात बांधलं आणि काम संपेपर्यंत उजवा हात खिशातून काढला नाही.

हसुराम पाटील घणसोली गावातले. शेती नव्या शहराच्या आखणीत गेली, तिच्या जागी तीन मजली घर आलं. वरच्या खोल्या भाड्याने आणि खाली एक शटर. त्या शटरमध्ये ते फक्त जुन्या गाड्या घेत. नवीन गाडीवाला आला तर सांगत, “हिला कॉम्प्युटर लागंल. आमच्याकडं डोकं हाय, ते हिला चालत नाय.” गेल्या वर्षी, पंचाहत्तरीत, हसुदादा गेले. त्यांच्याबद्दल सांगायचं तर मला त्या चार दिवसांबद्दलच सांगावं लागेल.

माझ्या वडिलांची गाडी साठ वर्षांहून जुनी आणि सहा व्होल्टची. हल्लीच्या गाड्या बारा व्होल्टच्या. दाब निम्मा म्हटल्यावर तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट लागतो. हे गणित मला पाठ होतं आणि तरीही गाडी सुरू होत नव्हती. सेल्फ मारला की थकल्यासारखी दोनदा घरघरायची आणि गप्प. नवी बॅटरी झाली, नव्या वायरी झाल्या, रंगकामही करून घेतलं. घरघर तशीच.

त्यात आमच्या जुईनगरच्या सोसायटीत ठराव झाला. बंद गाडी रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांसमोर स्वतःच्या ताकदीने गेटबाहेर न्यायची, नाहीतर तिने पार्किंग सोडायचं. पार्किंग सोडून ती जाणार कुठे? भंगारात. दुःख याचं की ठरावाचा मसुदा माझाच होता. ‘नियम सर्वांना सारखा’ हे वाक्यही माझं. सेक्रेटरी देसाई हसून म्हणाले, “काका, तुमच्यापासूनच सुरुवात करू या!”

तो गुरुवार होता. एका गॅरेजवाल्याने बारा व्होल्टची बॅटरी लावायला सुचवलं होतं. हसुदादा सोसायटीत गाडी बघायला आले तेव्हा त्यांना हे सांगितलं, तर ते उखडले. “म्हाताऱ्याला उठवत नाय म्हनून चाबूक मारायचा? त्याच्या पायात काय अडकलंय ते आदी बगा की!”

मी वहीत घेतलेले आकडे त्यांना वाचून दाखवले. सेल्फ मारताना बॅटरीपाशी पाच पूर्णांक दोन व्होल्ट, स्टार्टरपाशी साडेतीन. वाटेत एक पूर्णांक सात गायब.

“भारी काम केलंत,” ते म्हणाले. “मीटर सांगतो किती गेलं. आता हात सांगंल कुटं गेलं. मारा सेल्फ.”

मी आत बसून सेल्फचा नॉब ओढून धरला. त्यांनी तळहात बॅटरीच्या केबलवरून हळूहळू पुढे नेला. डॉक्टर पोट तपासतात तसा. “लाल केबल गरम. बारीक हाय. बारा व्होल्टच्या गाडीची घातली तुमी.” मग हात दुसऱ्या बाजूला, बॅटरी गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्याकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. “हितं! या सायेब, हात लावा.”

पट्ट्याचं टोक खरोखर तापलं होतं. त्यांनी बोल्ट खोलला. खाली चकचकीत काळा रंग. रंगकामाच्या वेळी एकही जागा सुटू नये म्हणून मी स्वतः उभा राहून तिथेही दोन हात मारून घेतले होते. रंगातून वीज जाईल कशी? बोल्टच्या आट्यांमधून जेवढी झिरपत होती तेवढ्यावरच गाडी घरघरत होती.

हसुदादा पोट धरून हसले. “पोरीला नटवलीत, पन तोंडच शिवून टाकलंत!” माझी बायको चहा घेऊन आली होती. तीही हसली. “दादा, यांनी सांगून सांगून रंगवून घेतलंय हो ते!”

रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करायला दहा मिनिटं लागली. पुतण्याच्या ग्रीलच्या दुकानातून ते वेल्डिंगची केबल घेऊन आले, अंगठ्याएवढी जाड. शनिवारी दुपारी ती बसली. मी मीटर लावला. बॅटरीपाशी पाच, स्टार्टरपाशी चार पूर्णांक सात! मी ओरडलोच. हसुदादांनी आकडा विचारलाही नाही. इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन उभे होते.

रविवारी दहाला खाली वीस-बावीस माणसं. मी नॉब ओढला आणि गाडी पहिल्या दमात सुरू झाली. टाळ्या पडल्या. देसाई म्हणाले, “पास! घ्या गेटबाहेर.”

“बंद करा,” हसुदादा म्हणाले.

“दादा, कशाला? पास झालो!” मी कुजबुजलो.

“थंडी गाडी कोनपन चालू करतो. पाच मिन्टं चालवा, गरम होऊ द्या, मग बंद करून परत मारा.”

ती पाच मिनिटं मी घड्याळात मोजली. मग गाडी बंद केली. पुन्हा नॉब. पुन्हा सुरू! मी फर्स्ट गिअरमध्ये गेटबाहेर आलो, कपाळ घामाने डबडबलेलं. हसुदादा चालत मागून आले आणि खिडकीत वाकले. “बंद करा.”

“आता कशाला? बाहेर आलो की!”

“आदीची दोन देसायासाटी. ही तुमच्यासाटी. नायतर उद्या परत वही घेऊन बसाल.”

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. नॉब ओढला, आणि वडिलांच्या वेळचा तो भरदार आवाज रस्ताभर घुमला. सत्तरी ओलांडलेला तो माणूस टपावर थाप मारून ओरडला, दार उघडून शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “आता हाना द्रोनागिरीपत्तर! बंदरावरच्या कंटेनरवाल्यांना दाखवू, सहा व्होल्ट काय असतात ते!”